कडा पाहायचा, तर कड्यापासून लांब

परदेशात राहणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे तुम्ही महिना-दोन महिन्यांसाठी गेलात, की फिरण्याची यादी घरात तयारच असते. लंडनला गेलात तर राजाचा राजवाडा, मोठ्या घड्याळाचा मनोरा, थेम्सवरचे पूल, संग्रहालयं. हे सगळं बघून झालं की एखाद्या संध्याकाळी कुणीतरी म्हणतं, "एक दिवस समुद्रावर जाऊन येऊ. ते पांढरे कडे आहेत ना, ते बघू." त्या एका दिवसाबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे. हा दिवस फार सुंदर जाऊ शकतो. पण घरात गुडघे दुखणारी मोठी माणसं आणि पळत सुटणारी लहान मुलं असतील, तर तो कागद-पेन्सिल घेऊन आधी आखावा लागतो.

मी सांगते आहे ते इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सेव्हन सिस्टर्सबद्दल. ससेक्समध्ये सीफर्ड आणि ईस्टबोर्न या दोन गावांच्या मधे खडूच्या दगडाच्या सात टेकड्या समुद्रालगत ओळीनं उभ्या आहेत. वर हिरवंगार गवत, आणि समुद्राच्या बाजूला सुरीनं केक कापावा तशी सरळ उभी, दुधासारखी पांढरी भिंत. सातांतली सर्वांत उंच टेकडी हेवन ब्रो, ७७ मीटरची. पुढे ईस्टबोर्नच्या बाजूला गेलं की बीची हेड लागतं. ते १६२ मीटर उंच आहे आणि समुद्रकाठचा ब्रिटनमधला सर्वांत उंच खडूचा कडा तोच.

सेव्हन सिस्टर्स म्हटल्यावर आमच्या ह्यांना आसाम-मेघालय आठवलं, मला साती आसरा आठवल्या, आणि फोनमधल्या नकाशाला उत्तर लंडनमधलं एक स्टेशन आठवलं. हे शेवटचं गमतीनं घेऊ नका. लंडनच्या भुयारी रेल्वेचं याच नावाचं स्टेशन आहे. नकाशात नुसतं 'सेव्हन सिस्टर्स' टाकून निघालात, तर समुद्राच्या बरोबर उलट्या दिशेला पोहोचाल. शोधताना 'सेव्हन सिस्टर्स कंट्री पार्क' किंवा 'बर्लिंग गॅप' असं टाका.

हा दगड आपल्या ओळखीचा नाही

आम्ही बडोद्याचे. आमच्या जवळचा डोंगर म्हणजे पावागड. तुम्ही पुण्याचे, नाशिकचे, इंदूरचे असाल, तरी तुमच्या डोळ्यांना सवय आहे ती काळ्या दगडाची, म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्हापासून झालेल्या बेसॉल्टची. तो कठीण असतो. किल्ल्याच्या कड्यावर उभं राहिलं तर पायाखालचा दगड आपल्याला पेलणार, असं आपण मनात धरूनच चालतो.

खडूच्या कड्याचं तसं नाही. हा दगड सुमारे आठ-नऊ कोटी वर्षांपूर्वी उबदार समुद्राच्या तळाशी तयार झाला. डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म शेवाळं त्या पाण्यात तरंगत असत. त्यांच्या अंगावर चुन्याच्या इवल्या चकत्या असत. ती मेली की त्या चकत्या तळाला साचत गेल्या, थरावर थर चढले, आणि त्यांचा मऊ पांढरा दगड झाला. त्याच्या मधूनमधून गारगोटीसारख्या काळ्या दगडाचे आडवे पट्टे दिसतात. शाळेतला आजचा खडू बहुतेक जिप्समचा असतो, पण नाव पडलं ते या दगडावरून. नखानं ओरखडा काढला तर बोटाला पांढरी भुकटी लागते.

असा मऊ दगड समुद्राच्या तोंडाशी उभा आहे. लाटा त्याचा पायथा पोखरतात. पावसाचं पाणी वरच्या भेगांत मुरतं, थंडीत गोठून फुगतं आणि भेग रुंदावतं. मग एखाद्या दिवशी, कधी पावसात तर कधी लख्ख उन्हातसुद्धा, मोठा तुकडा सुटतो आणि खाली जातो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार इथला कडा हजारो वर्षं वर्षाला २ ते ६ सेंटीमीटर मागे सरत होता. गेल्या दीडशे वर्षांत हा वेग वर्षाला २२ ते ३२ सेंटीमीटर झाला आहे. ही सरासरी झाली. प्रत्यक्षात कित्येक दिवस काहीच होत नाही आणि मग एकदम काही मीटर जातात.

हे कडे इतके शुभ्र का दिसतात, याचं उत्तरही यातच आहे. पडझड थांबली असती तर त्यांच्यावर गवत-शेवाळ चढलं असतं, ते मळकट हिरवे झाले असते. ते सतत ढासळतात, आतला नवा दगड सतत उघडा पडतो, म्हणून ते पांढरे राहतात. आपल्याला जी शुभ्रता बघायला जायचं आहे, ती पडझडीचीच खूण आहे. हे एकदा लक्षात आलं की दिवसाची आखणी कशी करायची ते आपोआप कळतं.

आणखी एक पुरावा सांगते. बीची हेडच्या पश्चिमेला बेल टूट नावाचं जुनं दीपगृह आहे, १८३२ साली बांधलेलं. १९०२ मध्ये खाली समुद्रात लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं नवं दीपगृह झालं आणि जुन्याचा दिवा बंद झाला. पुढे कडा सरकत सरकत या इमारतीच्या अगदी जवळ आला. तेव्हा १९९९ मध्ये ती अख्खी दगडी इमारत रुळांवरून १७ मीटर आत सरकवली. बर्लिंग गॅपला तटरक्षकांच्या घरांची एक रांग होती. त्यातली घरं एकामागून एक पाडावी लागली, कारण जमीनच उरली नाही. ज्या किनाऱ्यावर घरं मागे सरकवतात, तिथे आपण पुढे सरकायचं नसतं.

आधी माणसं मोजा, मग वाटा

आता आखणी. आमच्याकडे पाच जण होते. मी, आमचे हे, मुलगी, जावई आणि आठ वर्षांचा नातू. ह्यांचं वय अडुसष्ट, डावा गुडघा कुरकुरणारा. जावयांना सातही टेकड्या पायी ओलांडायच्या होत्या. ह्यांना कॅलेंडरवर असतो तसा फोटो हवा होता. नातवाला दगड फेकायचे होते. मला वेळेवर बाथरूम हवं होतं. मुलीला सगळे एकत्र हवे होते. प्रत्येक घरात हे असंच असतं, म्हणून वाट ठरवण्याआधी हे सगळं एकदा मोठ्यानं बोलून घ्या.

वाटा मुख्यतः चार आहेत.

पहिली, सर्वांत सोपी. ईस्टबोर्नहून बसनं थेट बर्लिंग गॅप. तिथे नॅशनल ट्रस्टचं कॅफे आहे, स्वच्छतागृह आहे आणि बस जवळच थांबते. पश्चिमेकडे पाहिलं की सातही बहिणी एकामागे एक दिसतात. खाली किनाऱ्यावर उतरायला लोखंडी जिना आहे. पण कडा मागे सरकतो तसा तोही हलवावा लागतो, आणि कधी कधी बंद असतो. निघण्याआधी चौकशी करा.

दुसरी, एक्सीट या थांब्यापासून कुकमिअर नदीच्या काठानं समुद्रापर्यंत. सेव्हन सिस्टर्स कंट्री पार्कचं माहिती केंद्र इथेच आहे. नदी नागमोडी वळणं घेत जाते आणि तिच्या खोऱ्यातून जाणारी वाट सपाट आहे. एका बाजूनं साधारण दोन किलोमीटर. बाबागाडी किंवा काठी घेऊनही जाता येतं. शेवटी किनाऱ्यावर मात्र गोटेच गोटे, तिथे पाय जपून.

तिसरी, फोटोवाली. कॅलेंडरवरचा तो प्रसिद्ध फोटो, पुढे तटरक्षकांची जुनी घरं आणि मागे सात टेकड्या, हा नदीच्या पश्चिमेकडून, म्हणजे सीफर्ड हेडच्या बाजूनं काढलेला असतो. सीफर्ड स्टेशनवर उतरून टेकडी चढून तिथे जाता येतं. मग नदीकाठानं आत एक्सीटला यायचं. एकूण सात-आठ किलोमीटर, चढ-उतार धरून. एक गोष्ट नकाशात पटकन लक्षात येत नाही. नदीच्या मुखाशी पूल नाही. पूल आत एक्सीटला आहे. दोन्ही काठ एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर दिसतात, पण पलीकडे जायचं तर चालून आत जायचं आणि परत यायचं. ओहोटीला पाणी कमी दिसलं तरी त्यातून जाऊ नका.

चौथी, धडधाकट पायांची. एक्सीटहून समुद्रापर्यंत आणि तिथून सात टेकड्या चढत-उतरत बर्लिंग गॅपला. अंतर सहा-सात किलोमीटरच, पण प्रत्येक टेकडी उतरून पुन्हा पुढची चढायची. मधे दुकान नाही, पाणी नाही, बाथरूम नाही, सावली नाही. सीफर्ड ते ईस्टबोर्न हा सगळा किनारा एका दिवसात चालणारेही असतात. तो वीस किलोमीटरहून जास्त होतो. पाहुण्यांनी पहिल्याच खेपेला त्याच्या वाटेला जाऊ नये.

आम्ही असं ठरवलं. सगळ्यांनी मिळून एक्सीटला जायचं, सपाट वाटेनं समुद्रावर जायचं आणि तिथे जेवायचं. मग मुलगी आणि जावयांनी टेकड्यांवरून बर्लिंग गॅपला चालत यायचं. आम्ही दोघांनी नातवाला घेऊन मागे फिरायचं आणि बसनं तिथेच यायचं. चहा सगळ्यांनी बर्लिंग गॅपला एकत्र. म्हणजे जावयांच्या टेकड्या झाल्या, ह्यांचा गुडघा वाचला आणि दिवसही एकत्रच गेला.

गाडी, बस, भरती आणि डबा

लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनहून ईस्टबोर्नला थेट गाडी आहे. साधारण दीड तास लागतो. क्लॅपहॅम जंक्शन आणि ईस्ट क्रॉयडनलाही ती थांबते. सीफर्डला जायचं तर लुईसला गाडी बदलावी लागते. तीन ते नऊ मोठी माणसं एकत्र जात असाल, तर गर्दीची वेळ सोडून ग्रुपसेव्ह नावाची एक तृतीयांश सवलत मिळते. दोघंच ज्येष्ठ जात असाल, तर साठीच्या पुढच्या कोणालाही, अगदी परदेशी पाहुण्यालाही, पासपोर्ट दाखवून सीनियर रेलकार्ड काढता येतं. मुक्काम लांबणार असेल तर त्याचे पैसे लवकर वसूल होतात. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, पंधरा वर्षांपर्यंत अर्धं. रविवारी रुळांची कामं निघतात आणि गाडीऐवजी बस देतात. आदल्या दिवशी एकदा पाहून घ्या.

ब्रायटन आणि ईस्टबोर्नच्या मधे १२ नंबरची बस दिवसभर धावते. ती सीफर्ड आणि एक्सीट दोन्हीकडे थांबते. बर्लिंग गॅप आणि बीची हेडला जाणारी बस वेगळी, १३ एक्स. तिचे दिवस आणि वेळा हंगामानुसार बदलतात, म्हणून आमची सगळी आखणी आम्ही तिच्याभोवती केली. परतीच्या शेवटच्या दोन बसच्या वेळा वहीत लिहून ठेवा किंवा फोनमध्ये चित्र काढून ठेवा. खोऱ्यात फोनचा सिग्नल दगा देऊ शकतो. बसचा वरचा मजला चुकवू नका. समुद्र आणि टेकड्या तिथूनच दिसायला लागतात.

भरतीची वेळ पाहणं हे गाडीच्या वेळेइतकंच महत्त्वाचं. या किनाऱ्यावर मोठ्या भरतीच्या दिवसांत पाण्याच्या पातळीत सहा मीटरच्या आसपास फरक पडतो. ओहोटीला कड्याखालून चालत जावंसं वाटतं. मोह होतोच, कारण खालून कडे फार भव्य दिसतात. पण कुकमिअरचं मुख आणि बर्लिंग गॅप यांच्या मधे वर चढायला वाट नाही. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला वाढतं पाणी, आणि वरून दगड पडण्याची भीती. त्या वाटेनं जायचंच नाही, हे घरीच ठरवून निघा. अडचण आलीच तर ९९९ वर फोन करून कोस्टगार्ड मागायचा. हा नंबर घरातल्या प्रत्येकाला, मुलांनाही, पाठ हवा.

कपड्यांचं म्हणाल, तर वारा हा या जागेचा खरा मालक आहे. जुलैतही वर कान गार होतात. छत्री उलटते, म्हणून टोपीवाला पावसाळी कोट घ्या. साडी घरी ठेवा, पंजाबी ड्रेस किंवा पँट बरी. ओढणीला गाठ मारा. बूट पकड असलेले हवेत. ओला खडू साबणासारखा निसरडा होतो. आणि ऊन पडलं तर पांढऱ्या दगडावरून ते दुप्पट होऊन डोळ्यांवर येतं, म्हणून काळा चष्मा आणि क्रीम.

डब्यात मी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कैरीचं लोणचं नेलं होतं. नातवासाठी ठेपले, कारण बडोद्याच्या आजीकडून ठेपले नाही मिळाले तर तो बोलत नाही. माणशी एक लिटर पाणी धरा. बाथरूम एक्सीटला आणि मग थेट बर्लिंग गॅपला, हे लक्षात ठेवूनच चहा प्या. कचऱ्याची पिशवी सोबत घ्या आणि किनाऱ्यावरचे गोटे खिशात भरून आणू नका. तो संरक्षित किनारा आहे. फेकायला मात्र हवे तितके आहेत.

ऋतूचंही बघा. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो. डिसेंबरमध्ये चारला अंधार पडतो. हिवाळ्यात जायचं तर फक्त पहिली किंवा दुसरी वाट, आणि जेवणानंतर परत.

वीस पावलांचा नियम

आता जे सांगायचं आहे, त्यासाठीच खरं तर लिहायला बसले.

या कड्यांवर बहुतेक ठिकाणी कुंपण नाही, कठडा नाही. पाट्या आहेत. महाबळेश्वरच्या पॉइंटवर लोखंडी कठड्याला रेलून दरी बघणारे आपण, कठडा नाही म्हणजे भीती नाही असं समजतो. इथे कठडा रोवायला पक्की जागाच नाही. कडा दर वर्षी मागे येतो. शिवाय वरून गवत शेवटपर्यंत सारखंच हिरवं दिसतं. त्याच्या खालचा दगड गेलेला असू शकतो आणि गवताची जाजम मात्र तशीच पुढे आलेली असते. तिच्यावर उभ्या असलेल्या माणसाला ते कळायला काही मार्ग नसतो.

२०१७ च्या जून महिन्यात इथे एका तरुण पर्यटकाचा फोटोसाठी उडी मारताना कड्यावरून पडून मृत्यू झाला. त्याच महिन्यात सीफर्ड हेडला कड्याचा मोठा भाग कोसळला. या दोन गोष्टी मुलीनं निघण्याच्या आदल्या रात्री जेवताना सांगितल्या आणि नियम घातला. कड्यापासून वीस मोठी पावलं. त्याच्या पुढे कोणी जायचं नाही, फोटोसाठी नाही, टोपी उडाली तरी नाही.

ह्यांना ते आवडलं नाही. "मी काय लहान मूल आहे? सह्याद्रीतले किल्ले चढलोय मी," म्हणाले. मुलगी म्हणाली, "बाबा, तो दगड वेगळा होता." एवढंच. पुढे कोणी वाद वाढवला नाही. पण दुसऱ्या दिवशी गाडीत हे थोडे गप्प होते.

एक्सीटची वाट फार छान गेली. हंस, बगळे, पलीकडे चरणाऱ्या मेंढ्या. किनाऱ्यावर वाऱ्याच्या आडोशाला बसून जेवलो. मग मुलगी आणि जावई हेवन ब्रो चढू लागले. वळून हात केला, आणि थोड्या वेळानं दोन ठिपके झाले. आम्ही तिघं मागे फिरलो, बस पकडली आणि बर्लिंग गॅपला आलो. जिना उघडा होता. ओहोटी होती. भिंतीपासून चांगलं लांब, पाण्याच्या बाजूला जाऊन आम्ही उभे राहिलो आणि पश्चिमेकडे पाहिलं.

सातही बहिणी समोर होत्या. ढगातून ऊन आलं आणि एकेक भिंत उजळत गेली. हे फोन काढून फोटो घेऊ लागले. चित्र मोठं करून बघता बघता थांबले. मला म्हणाले, "हे बघ."

वर, अगदी कडेला, तीन-चार माणसं उभी होती. अनोळखी. हात पसरून फोटो काढत होती. त्यांना वरून काय दिसत असेल? हिरवं गवत आणि निळा समुद्र. आम्हाला खालून वेगळंच दिसत होतं. त्यांच्या पायाखाली कडा आत गेलेला होता. ज्या जागी ती उभी होती, तिच्या खाली दगड नव्हताच, होती नुसती हवा. थोड्या अंतरावर ताज्या पडलेल्या खडूचा ढीग पायथ्याशी होता, पिठाच्या राशीसारखा.

हे काही बोलले नाहीत. नातवाचा हात धरला. मग मुलीला फोन लावला. वाऱ्यात ओरडूनच बोलावं लागत होतं. "कुठपर्यंत आलात?... हो, हो, मजेत आहोत. ऐक, वीस नाही, तीस पावलं ठेवा. हो, तीस. मी इथून बघतोय." फोन ठेवल्यावरही ते वरच्या रेषेकडेच बघत राहिले. शेवटच्या टेकडीवर दोन ओळखीचे ठिपके दिसले, निळा कोट आणि लाल कोट, कड्यापासून खूप आत, मेंढ्यांच्या बाजूनं चालणारे. तेव्हा म्हणाले, "चल, चहा सांगून ठेवू. दमून येतील."

कॅफेत मुलगी पोहोचली तेव्हा तिच्या बुटांना पांढरा चिखल होता आणि गाल लाल झाले होते. हे तिला म्हणाले, "तुम्हाला काहीच दिसलं नसेल ग वरून." जावई हसले. "खरंय बाबा. टेकडीवर चालताना आपण पांढऱ्या कड्यावर आहोत हे कळतच नाही. पुढची टेकडी दिसते तेवढीच." ह्यांनी आपला फोन पुढे केला आणि सातही बहिणी त्यांना दाखवल्या.

तुम्ही जाल तेव्हा

या जागेचा सगळा हिशेब एवढाच आहे. कड्यावर उभं राहून कडा दिसत नाही. तो दिसतो लांबून. सीफर्ड हेडवरून, नदीकाठावरून, बर्लिंग गॅपच्या किनाऱ्यावरून. जे कडेला जातात, ते बघण्यासाठी जातात, आणि नेमकं तिथेच बघण्यासारखं काही नसतं. म्हणून वाट ठरवताना 'कुठून चांगलं दिसेल' हा प्रश्न विचारलात, की 'कुठे सुरक्षित राहू' याचं उत्तर त्यातच मिळतं. गुडघे दुखणाऱ्या आजोबांची जागा आणि फोटो काढणाऱ्यांची जागा इथे एकच निघते, ही केवढी सोय आहे.

मुलाबाळांच्या देशात आपण पाहुणे असतो. तिकडचे रस्ते, गाड्या, पैसे, सगळं त्यांच्या हातात असतं. मग कधी कधी एखाद्या साध्या सूचनेचाही राग येतो, 'आता ही मला शिकवणार' असं वाटतं. पण त्या दगडाची ओळख तिला होती, आपल्याला नव्हती. आणि आपल्याकडे जे होतं, लांबून नजर ठेवणं, ते तिला त्या दिवशी उपयोगी पडलं. दोघांनी एकमेकांचं थोडं ऐकलं की दिवस पार पडतो.

तेव्हा आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर पाच गोष्टी ठरवा. कोण कोणत्या वाटेनं जाणार. भरती केव्हा. शेवटची बस केव्हा. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं. आणि कड्यापासून किती पावलं. शेवटची गोष्ट घरातल्या सर्वांत हट्टी माणसाकडून मोठ्यानं म्हणवून घ्या. आमच्याकडे आता तीस म्हणतात. तुमच्याकडे चाळीस ठरली, तरी फोटो तितकाच चांगला येईल.